खोक्यावरचे ५० वॅट आले कुठून?

मोटारीत रेडिओ १९३० च्या आसपास रुळला, तेव्हा बॅटरी ६ व्होल्टची आणि व्हॉल्व्हना (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांना) लागायचा त्याच्या कितीतरी पट विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट. तो चढवायला व्हायब्रेटर नावाचा गुणगुणणारा डबा बसवत. १९५० च्या दशकात १२ व्होल्टची बॅटरी आणि ट्रान्झिस्टर आले आणि हा डबा गेला. पुढचा एफएम, कॅसेट, सीडीचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. न बदललेली गोष्ट एकच: १२ व्होल्ट. कार स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० × ४’, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट, असे छापलेले असते. त्या वॅटचा घोळ तिथूनच सुरू होतो.

इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. जुन्या पद्धतीच्या अॅम्पमधून (आवाज वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरमधून) ४ ओहम रोधाच्या स्पीकरला त्यात फार तर साडेसहा वॅट निघत. मग ब्रिज जोडणी आली: स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अॅम्प, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. दाब दुप्पट, वॅट चौपट, म्हणजे हिशेबाने २६ आणि प्रत्यक्षात १८ ते २२. खोक्यावरचे ‘५० × ४’ मात्र आवाजाच्या विद्युत लाटेचे शेंडे कापले जाऊन ती पार चौकोनी झाल्यावरचे, म्हणजे आवाज पुरता फाटल्यावरचे. आकडा खोटा नाही, पण ऐकण्याजोगाही नाही. सेटच्या पाठीमागचा फ्यूज बघा. तो बऱ्याचदा १० अँपिअरचा असतो. १० × १४.४ म्हणजे १४४ वॅट आत जाणार, त्यातले बरेच उष्णतेत जाणार. मग २०० बाहेर कसे पडतील?

२००३ मध्ये अमेरिकेत वॅट मोजण्याचे मानक ठरले: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती (लाटेचा मूळ आकार बिघडणे) १ टक्क्याच्या आत. पण ते ऐच्छिक ठेवले, तिथेच पाणी मुरले. मोठा आकडा खोक्यावर राहिला आणि खरा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत गेला. त्याला ‘आरएमएस वॅट’ म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने हेही चूकच, कारण आरएमएस ही बदलत्या दाबाची परिणामी किंमत असते, वॅट सरासरी असतात. निदान तुलना तरी याच आकड्यावर करावी.

ब्रिज जोडणीमुळे जुन्या गाड्यांत नवा सेट बसवताना एक अपघात हमखास होतो. त्यांत स्पीकरची उणे तार थेट बॉडीला जोडलेली असे. नव्या सेटच्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मा दाब असतो. एक जरी बॉडीला टेकली तरी सेट बंद पडतो, कधी आतली आयसीच (अॅम्पची चिप) उडते. म्हणून प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन तारा ओढाव्यात.

बेस (खालचे, घुमणारे सूर) ६ डेसिबल (आवाजाच्या पातळीचे माप) चढवला की त्या पट्ट्यात चौपट वॅट लागतात. आवाज आधीच वर असेल तर अॅम्पकडे ते नसतात, लाट कापली जाते आणि कापलेल्या लाटेतला जादा उच्च भाग आधी ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जाळतो. बेस शून्यावर ठेवून आवाज वाढवावा, फाटू लागला की दोन-तीन घरे खाली आणावा.

पूर्वी यासाठी दोन बटणे पिरगळली की झाले. आता तेच पडद्यावर तीन मेनू आत असते. २०१३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत पडद्याकडे टाकलेल्या एका नजरेला २ सेकंदांची मर्यादा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. बेस-ट्रेबल गाडी उभी असतानाच लावून ठेवावे, चालवताना स्टिअरिंगवरच्या आवाजाच्या बटणापलीकडे जाऊ नये.