मुलांच्या ऑपरेशनची तयारी करून देणारी मोबाईल ॲप्स

टॉन्सिल, हर्निया, कानाचं असं एखादं ऑपरेशन ठरलं की मुलाला आणि घरच्यांना आधीच सगळं दाखवून ठेवणारी ही ॲप्स, साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. मूल कार्टूनच्या दोस्ताबरोबर वॉर्डात शिरतं, ऑपरेशन थिएटरमधला मोठा दिवा बघतं, मास्कमध्ये फुंकर घालून फुगा फुगवायचा खेळ खेळतं, म्हणजे खरा मास्क तोंडावर आला की ते ओळखीचं वाटतं. आमच्या गोव्यात काणकोणहून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात यायचं तर साठ किलोमीटरच्या वर जातं, वॉर्ड बघायला म्हणून आधी एक फेरी कोण मारणार, त्यामुळे फोनवर दिसतं तेच खूप.

खूप घाबरलेल्या मुलाला भूल देणं जड जातं, आणि घरी आल्यावरही काही मुलं दिवसभर चिडचिड करतात, रात्री दचकून उठतात, अंथरूण ओलं करतात. भूल देताना मूल किती घाबरलंय हे मोजायला १९९७ पासून सुधारित येल स्केल वापरतात, त्यात मुलाची हालचाल, बोलणं-रडणं, चेहरा, सावधपणा आणि आईबाबांना किती चिकटतं हे बघतात.

मला या ॲप्समधला सगळ्यात कामाचा भाग वाटतो तो उपाशी ठेवण्याच्या आठवणीचा. जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, अंगावरचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास, हा रूढ नियम, पण आपल्या हॉस्पिटलने वेगळं सांगितलं तर तेच ऐकायचं. पहाटे पोर रडायला लागलं की आजी म्हणते, 'अगो, वाटीभर पेज तरी दे, पातळच आहे.' पेज पातळ असली तरी जेवणच, ती पोटात गेली की भुलेत उलटी होऊन फुफ्फुसात जायची भीती, म्हणून ऑपरेशन पुढे ढकलतात. फोनवर अलार्म वाजला आणि खाली कारण लिहिलेलं असलं की आजीही ऐकते.

सहाच्या वरच्या मुलाला ५-७ दिवस आधी दाखवावं, लहानग्याला एक-दोन दिवस आधी, नाहीतर ते विसरतं किंवा उगीच धास्ती घेऊन बसतं. 'सुई नाहीच टोचणार' असं मात्र कधी सांगू नये, टोचली की पुढचं काहीच ते खरं मानत नाही. सर्दी-खोकला, ताप असेल तर ॲपवर न विसंबता डॉक्टरांना फोन करायचा.

बरीच ॲप्स इंग्रजीत, आणि आपल्याकडे घरात कोंकणी, शाळेत मराठी. मग आवाज बंद करावा आणि आईनेच चित्रांवर बोट ठेवून आपल्या बोलीत सांगावं.