दुसऱ्याने सोडलेल्या जागेवर: एडी जॉबसनची कारकीर्द

प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकमध्ये, कीबोर्ड वाजवणारे चिक्कार झाले, व्हायोलिन वाजवणारे बोटांवर मोजण्याइतके. दोन्ही वाद्ये सारख्याच तयारीने वाजवणाऱ्यांत एडी जॉबसनचे नाव पहिल्या फटक्यात येते. त्याच्या कारकिर्दीचा नकाशा मात्र विचित्र आहे. सुरुवातीची बरीच वर्षे तो कुणी ना कुणी सोडलेल्या जागेवरच गेला.

जन्म 28 एप्रिल 1955 चा, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या बिलिंगहॅमचा. 1972 मध्ये कर्व्ह्ड एअर या बँडमधून व्हायोलिनवादक डॅरिल वे आणि कीबोर्डवादक फ्रान्सिस मंकमन दोघेही बाहेर पडले. व्हायोलिन आणि कीबोर्ड या दोन्हींसाठी बँडने एकच माणूस घेतला, सतरा वर्षांचा जॉबसन. 1973 च्या ‘एअर कट’ अल्बममधली दहा मिनिटांहून लांब ‘मेटामॉर्फसिस’ ही रचना त्याचीच. तिथे पियानोवरचा अभिजात हात स्पष्ट ऐकू येतो, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच.

त्याच वर्षी ब्रायन ईनो रॉक्सी म्युझिक या ब्रिटिश बँडमधून बाहेर पडला आणि त्या जागी जॉबसन आला. हा बदल साधा नव्हता. ईनो रूढ अर्थाने वादक नव्हताच. इतरांच्या वाद्यांचा आवाज सिंथेसायझरमधून फिरवून बिघडवणे हे त्याचे काम. जॉबसन उलट टोकाचा, स्वरलेखन वाचणारा, तंत्रात पक्का. रॉक्सीचा वेडेपणा त्यामुळे थोडा कमी झाला हे खरे, पण गाण्यांना कणा मिळाला. ‘स्ट्रँडेड’ (1973) हा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला त्यांचा पहिला अल्बम. पाठोपाठ ‘कंट्री लाइफ’ (1974) आणि ‘सायरन’ (1975). ‘कंट्री लाइफ’मधल्या ‘आउट ऑफ द ब्लू’च्या शेवटचा व्हायोलिनचा तुकडा ऐकला की त्याला का घेतले ते कळते.

रॉकमध्ये व्हायोलिनची अडचण आधी आवाजाची, मग सुराची. लाकडी पोकळ व्हायोलिनसमोर माइक ठेवला की शेजारचे ड्रम आणि गिटारही त्यात शिरतात. आवाज वाढवला तर स्पीकरमधला नाद व्हायोलिनची पेटी पुन्हा थरथरवतो आणि शिट्टी सुटते. म्हणून जॉबसनचे ते प्रसिद्ध पारदर्शक ॲक्रिलिकचे व्हायोलिन निव्वळ दिखाव्याचे नव्हते. भरीव शरीर बाहेरच्या आवाजाने फारसे थरथरत नाही, त्यामुळे शिट्टी उशिरा सुटते. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. लाकडी व्हायोलिन साधारण साडेचारशे ग्रॅमचे. भरीव ॲक्रिलिक त्याहून जड, मान आणि डावा खांदा लवकर भरून येतो. दुसरे असे की घोडीजवळ बसवलेल्या पिझो पिकअपचा (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या तुकड्याचा) कच्चा आवाज पातळ आणि खरखरीत असतो. हा पिकअप थेट साध्या मिक्सरला जोडला तर खर्ज गळून पडतो. त्याला साधारण एक मेगाओहम रोधाचा इनपुट लागतो, म्हणजे मध्ये प्रीॲम्प, सिग्नल आधी जुळवून घेणारे छोटे यंत्र, हवाच. त्यापुढे आवाज घोळवणारा फेझर आणि प्रतिध्वनी देणारा एको. ‘आउट ऑफ द ब्लू’मधला भोवऱ्यासारखा फिरणारा नाद या साखळीतून येतो, नुसत्या गजातून नव्हे.

दरम्यान किंग क्रिम्सन या बँडचा थेट मैफलींचा ‘यूएसए’ (1975) निघाला. त्यात काही जागी व्हायोलिन आणि कीबोर्ड जॉबसनने स्टुडिओत नंतर भरले. इथेही मूळ वाजवणारा दुसराच, डेव्हिड क्रॉस. रॉक्सी थांबल्यावर जॉबसन अमेरिकन गिटारवादक-संगीतकार फ्रँक झप्पाकडे गेला. डिसेंबर 1976 च्या कार्यक्रमांवरचा ‘झप्पा इन न्यूयॉर्क’ हा त्या काळाचा पुरावा. गंमत म्हणजे झप्पाच्याच ‘झूट अल्यूर्स’च्या मुखपृष्ठावर जॉबसन उभा आहे, पण त्या अल्बममध्ये त्याचा एकही सूर नाही.

मग आला यूके नावाचा बँड, आणि पहिल्यांदाच जागा स्वतःची. 1977 मध्ये बासवादक-गायक जॉन वेटनने जॉबसनला ओढले. दोघे रॉक्सीच्या दौऱ्यांत एकत्र वाजवत असत. ड्रमर बिल ब्रूफर्डने गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थला आणले. 1978 चा पहिला अल्बम ‘इन द डेड ऑफ नाइट’ने उघडतो, सात मात्रांत. रूपकची सवय असलेल्या कानाला सात नवे नाहीत, पण रूपक खालीने सुरू होतो आणि इथे खाली असे काही नाही, त्यामुळे मोजताना चुकायला होते.

जॉबसनचा खरा ठसा त्याच अल्बममधल्या ‘अलास्का’त आहे. तिथले वाद्य म्हणजे यामाहा सीएस-80 हा सिंथेसायझर. एका वेळी आठ सूर, प्रत्येक सुराला दोन थर, आणि पट्टी दाबल्यावरही प्रत्येक बोटाचा दाब वेगळा ओळखण्याची सोय: स्वरसमूह धरून ठेवून त्यातला एकच सूर फुलवता येतो. वरच्या रिबनवर बोट सरकवले की मींड निघते. व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाला हे वाद्य जवळचे वाटले यात नवल नाही. पण ते दौऱ्यावर नेणे म्हणजे शिक्षा. वजन नव्वद-शंभर किलोंच्या घरात. अंकीय स्मृती नाही. आपले चार आवाज एका झाकणाखालच्या चिमुकल्या सरकपट्ट्यांवर लावून ठेवायचे. आठही सुरांची सर्किटे वेगवेगळी आणि उष्णतेने सरकणारी. मंचावरचे दिवे तापले की एखादे सर्किट बेसूर होते, आणि तोच स्वरसमूह एकदा नीट तर पुढच्या खेपेला आंबट लागतो. म्हणून ते बरेच आधी सुरू करून गरम होऊ द्यावे लागते, मगच सुरात लावायचे.

दौऱ्यावर नेलेल्या हॅमंड ऑर्गनचे दुखणे वेगळे. त्याची सूर निर्माण करणारी चाके विजेच्या वारंवारतेवर फिरतात. ब्रिटनमध्ये 50 हर्ट्झ, अमेरिकेत 60. ब्रिटनमधले वाद्य अमेरिकेत रूपांतर न करता जोडले तर ते सगळेच कोमल गंधाराइतके वर चढते.

पहिल्या अल्बमनंतर लवकरच यूके फुटला. होल्ड्सवर्थला रोज नवे सोलो वाजवायचे होते, जॉबसनला रचना जशीच्या तशी हवी होती. ब्रूफर्ड आणि होल्ड्सवर्थ गेले, झप्पाकडचा टेरी बोझियो आला, आणि ‘डेंजर मनी’ (1979) तिघांनी केला. गिटारच नाही म्हटल्यावर जॉबसनने व्हायोलिन खांद्याला लावले की स्वरसमूह गायब. ‘सीझर्स पॅलेस ब्लूज’मध्ये ती पोकळी वेटनचा बास भरतो. मंचावर अशी गाणी म्हणूनच जास्त रखरखीत लागतात. ‘नाइट आफ्टर नाइट’ हा टोकियोतला थेट अल्बम, आणि त्यानंतर लवकरच यूके संपला.

पुढे जेथ्रो टल या बँडचा ‘ए’ (1980). तो मुळात टलचा म्होरक्या इयन अँडरसनचा एकट्याचा अल्बम. कंपनीने टलच्या नावावर काढला. जॉबसन तिथे ‘खास पाहुणा’. 1983 मध्ये येस या बँडमध्ये कीबोर्डवादक टोनी केच्या जागी तो काही काळ होता. के परतला तसा जॉबसन बाहेर पडला. येसच्या ‘ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट’च्या व्हिडिओत तो ओझरता दिसतो.

त्याच वर्षी ‘द ग्रीन अल्बम’, आणि 1985 मध्ये ‘थीम ऑफ सीक्रेट्स’, सगळा सिंक्लाव्हियर या संगणकाधारित सिंथेसायझरवर. एकट्याने, संगणकाशी बोलत केलेले काम. स्वच्छ आणि जरा थंड. नंतरची बरीच वर्षे जाहिराती आणि दूरचित्रवाणीच्या संगीतात गेली. 2009 मध्ये यूकेझेड हा बँड, 2011 पासून वेटनसह यूकेचे पुनर्मीलन, जे 2015 मध्ये थांबले. 2017 मध्ये वेटन आणि होल्ड्सवर्थ दोघेही गेले.

मार्च 2019 मध्ये ब्रुकलिनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये रॉक्सीचा समावेश झाला. नावांत ईनोही होता आणि जॉबसनही. ईनो आला नाही. ‘आउट ऑफ द ब्लू’ वाजले तेव्हा व्हायोलिन जॉबसनच्या खांद्यावर होते.