‘एम-आर’ मराठीचा, मॉरिटानियाचाही: भाषांच्या कोडमागचा इतिहास

मजकूर मराठी आहे हे ब्राउझरला कळावे म्हणून वेबपानाच्या कोडमध्ये ‘एम-आर’ ही दोन अक्षरे लिहितात. देशांच्या यादीत हीच दोन अक्षरे मॉरिटानियाची आहेत. तीन अक्षरांचा ‘एम-ए-आर’ घ्यावा, तर देशांमध्ये तो मोरोक्कोचा. दोन्ही याद्या आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या आयएसओ या संस्थेच्याच. भाषांची ६३९ क्रमांकाची, देशांची ३१६६. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. जपानी भाषा ‘जे-ए’, जपान देश ‘जे-पी’. चेक भाषा ‘सी-एस’, देश ‘सी-झेड’. भाषेच्या रकान्यात देशाचा कोड घालणे ही नेहमीची चूक. भाषेचा कोड लहान लिपीत आणि देशाचा मोठ्या लिपीत लिहायचा संकेत आहे, पण वेबवर संगणक लहान-मोठ्यात फरक करत नाही.

आयएसओची पहिली शिफारस १९६७ ची. ती परिभाषाकोश करणाऱ्यांच्या सोयीसाठी होती. दोन अक्षरांची यादी १९८८ मध्ये मानक म्हणून आली. दोन अक्षरांत २६ गुणिले २६, म्हणजे फार तर ६७६ कोड बसतात. प्रत्यक्षात दिले गेले सुमारे १८०. जगातल्या सगळ्या भाषा मोजणे हा त्या यादीचा हेतूच नव्हता. वर्षभरातच तिच्यात तीन बदल झाले: हिब्रूचा ‘आय-डब्ल्यू’ जाऊन ‘एच-ई’ आला, यिडिशचा ‘जे-आय’ जाऊन ‘वाय-आय’ आणि इंडोनेशियनचा ‘आय-एन’ जाऊन ‘आय-डी’. यादीतला बदल एका ओळीचा, पण जुने कोड तोवर प्रणालींमध्ये शिरले होते. जावा ही संगणकभाषा २०२१ मध्ये आलेल्या सतराव्या आवृत्तीपर्यंत हिब्रूसाठी आतून ‘आय-डब्ल्यू’च वापरत होती. ‘एच-ई’ नावाची भाषांतराची फाइल सापडत का नाही, याचे उत्तर अनेकदा तिथे असे.

दुसरा प्रवाह ग्रंथालयांचा. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी ग्रंथालयाच्या ‘मार्क’ या ग्रंथनोंदींच्या पद्धतीत तीन अक्षरी कोड आधीपासून रुळले होते. १९९८ मध्ये ते आयएसओ ६३९ या मानकाच्या दुसऱ्या भागात आले, तेव्हा ग्रंथपाल आणि परिभाषाकार यांचे काही भाषांवर एकमत होईना. म्हणून वीसेक भाषांना दोन-दोन कोड मिळाले. जर्मनला ग्रंथालयांसाठी ‘जी-ई-आर’ आणि इतरांसाठी ‘डी-ई-यू’. दोन विदासंच (डेटासेट) जोडताना जर्मन, फ्रेंच, चिनी यांच्या नोंदी जुळत नसतील, तर आधी हे तपासावे. या भागात नवा कोड हवा असेल, तर त्या भाषेतले ५० दस्तऐवज एका संस्थेकडे, किंवा पाच संस्थांकडे मिळून, असल्याचा पुरावा लागे. छापील साहित्य नसलेल्या भाषा अर्थातच बाहेर राहिल्या. त्यांच्यासाठी सामुदायिक कोड होते: स्वतःचा कोड नसलेली कोणतीही भारतीय-आर्य भाषा ‘आय-एन-सी’ या एकाच गाठोड्यात.

ही पोकळी भरली ती एसआयएल या ख्रिस्ती संस्थेच्या ‘एथ्नोलॉग’ या जगातल्या भाषांच्या सूचीने. १९५१ मध्ये रिचर्ड पिटमन यांनी काढलेली पहिली आवृत्ती दहा पानांची आणि ४६ भाषांची होती. बायबलचे भाषांतर कुठल्या भाषेत लागेल, हा तिच्यामागचा प्रश्न. पुढे तिचे तीन अक्षरी कोड १९८४ च्या दहाव्या आवृत्तीत छापले गेले. तीन अक्षरांत १७,५७६ जागा होतात, त्यामुळे अडचण राहिली नाही. हेच काम आयएसओशी जुळवून २००७ मध्ये तिसरा भाग निघाला आणि कोडांची संख्या सात हजारांपलीकडे गेली. मराठी ‘एम-ए-आर’, प्राचीन मराठी ‘ओ-एम-आर’, वऱ्हाडी ‘व्ही-ए-एच’, अहिराणी ‘ए-एच-आर’ असे वेगवेगळे कोड इथे आहेत. वऱ्हाडीला कोड मिळाला म्हणून ती वेगळी भाषा ठरत नाही आणि मराठीची बोलीही ठरत नाही. भाषा आणि बोली यांची रेघ परस्पर आकलन, साहित्य आणि भाषकांची ओळख असे निकष लावून कुणीतरी ओढलेली असते. कोड त्या निर्णयाची फक्त नोंद ठेवतो.

जुन्या आणि नव्या भागांचा सांधा जुळवायला ‘महाभाषा’, म्हणजे अनेक भाषांना एकत्र धरणारा कोड, ही सोय काढली. कोंकणीचा ‘के-ओ-के’ हा महाभाषेचा कोड, आणि त्याखाली ‘जी-ओ-एम’ व ‘के-एन-एन’ असे दोन. एका संग्रहात वरचा आणि दुसऱ्यात खालचा कोड असेल, तर शोधात अर्धी सामग्री हाती लागत नाही.

वेबवर यातला कुठला कोड घ्यायचा, हे ‘बीसीपी ४७’ हा नियमसंच ठरवतो: दोन अक्षरी कोड उपलब्ध असेल तर तोच. म्हणून ‘एम-आर’. मजकूर मोडी लिपीत असेल, तर पुढे जोडरेघ देऊन लिपीचा चार अक्षरी कोड जोडायचा. देवनागरीचा जोडायची गरज नाही, कारण मराठीची तीच लिपी गृहीत धरलेली आहे.

संशोधकांना एसआयएलने केलेली भाषांची वाटणी पटत नाही तेव्हा ते ‘ग्लॉटोलॉग’ या दुसऱ्या भाषासूचीकडे वळतात. चार अक्षरे आणि चार अंक असा त्याचा कोड बोलीलाही मिळतो आणि कुळालाही, शिवाय प्रत्येक नोंदीला ग्रंथसंदर्भ असतो. त्याची विदा मोफत आहे. एथ्नोलॉगच्या तपशिलांना पैसे पडतात, पण तिसऱ्या भागाचे नुसते कोडतक्ते एसआयएल मोफत देते. २०२३ मध्ये आयएसओने सगळे भाग एका मानकात आणले, तेव्हा जुन्या ‘भागां’ना आता ‘संच’ म्हणतात.

तक्ता उतरवून घेतल्यावर दोन ओळी हाताने तपासाव्यात. दक्षिणी मिन चिनीचा कोड ‘एन-ए-एन’ पायथॉन या संगणकभाषेतल्या ‘पांडाज’ या तक्ते हाताळणाऱ्या साधनाला रिकामी जागा वाटतो आणि ती भाषा गुपचूप गळते. नॉर्वेजियनचा ‘एन-ओ’ यॅमल या मांडणीतल्या (सेटिंग्ज लिहायच्या) फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर जुन्या नियमांनी तो ‘नाही’ असा वाचला जातो. सोबत निवृत्त कोडांचा तक्ताही घ्यावा. त्यात प्रत्येक कोडापुढे कारणाचे एक अक्षर असते: ‘एम’ म्हणजे विलीन, ‘एस’ म्हणजे विभाजन, ‘डी’ म्हणजे दुबार, ‘एन’ म्हणजे अशी भाषाच नाही. विलीन झालेले कोड यंत्राने बदलता येतात. विभाजनाचे नाही, कारण जुन्या कोडाखाली नोंदलेली ध्वनिफीत नव्या भाषांपैकी कुठल्या भाषेतली, हे ती ऐकूनच ठरवावे लागते.