‘दमा दम घेऊनच जातो’ हे खरं नाही

हे वाक्य ऐकून कितीतरी रुग्ण उपचारच सोडून देतात, म्हणून हा खुलासा. तीव्र दम्याच्या अनेक रुग्णांमध्ये इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी श्वासनलिकांची सूज टिकवून धरतात. मेपोलिझुमॅब हे बायोलॉजिक (म्हणजे जिवंत पेशींमध्ये तयार केलेलं) इंजेक्शन या पेशींना पोसणारं इंटरल्युकिन-५ हे शरीरातलंच संदेशवाहक प्रथिन अडवतं. दर ४ आठवड्यांनी ते कातडीखाली टोचतात. काहींना रेमिशन मिळतं: सलग १२ महिने अटॅक नाही, स्टिरॉइडच्या गोळ्या नाहीत, लक्षणं आटोक्यात, फुफ्फुसांची क्षमता स्थिर. रात्र रात्र उशांना टेकून बसणारा माणूस आडवा होऊन झोपतो, ही केवढी मोठी गोष्ट!

मात्र दमा समूळ जात नाही. इंजेक्शन थांबवल्यावर अनेकांना पुन्हा अटॅक येतात. पंपही आपल्या मनाने बंद करू नका. आणि हे औषध सरसकट सगळ्यांसाठी नाही; आधी रक्तातले इओसिनोफिल मोजतात, पंप नीट ओढला जातोय का तेही पाहतात.