शेतातला धोंडा ताणून फोडावा

मुरमाड रान सपाट करताना फूटभर खाली जेसीबीचा दात खणकन अडतो. वर दिसत असतो टोपलीएवढा दगड. बाजूची माती काढली की खाली बैलगाडीएवढा धोंडा निघतो. दख्खनच्या पठारावर हे नवं नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थिजताना आकसला आणि त्याला उभ्याआडव्या भेगा पडल्या. त्या भेगांतून पाणी शिरत राहिलं. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्याला पाणी तीन बाजूंनी भिडतं, सपाट अंगाला एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी झिजले, ठोकळे गोल झाले आणि भोवतीच्या दगडाचा मुरूम झाला. मधला कठीण गाभा म्हणजे आपला धोंडा. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असे धोंडे घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीत कुठेही दिसतात.

दरवर्षी नवे दगड ‘उगवतात’ असं शेतकरी म्हणतात. थंड देशांत जमीन गोठते आणि बर्फ दगडाला खरोखर वर ढकलतो. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं घडतं: दगड जागेवरच असतो, पावसाने माती जाते. काळ्या रानात मात्र फुगण्या-भेगाळण्याच्या चक्रात लहान दगड खरेच वर सरकतात.

आधी वजनाचा अंदाज घ्यावा. बेसाल्टचं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या दगडाचं, एक घनफूट ८० किलोच्या आसपास भरतं. तीन फूट व्यासाचा गोल धोंडा साधारण ११ क्विंटलचा. पाच फुटी धोंडा सव्वापाच टनांचा. व्यास दुप्पटही झालेला नाही, वजन मात्र पावणेपाचपट झालं. नजरेचा अंदाज इथेच फसतो, साखळ्या तुटतात, ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात. पुरलेला भाग किती आहे ते पहारीने चारी बाजूंना टोचून पाहावं. आणि धोंड्याचा माथा दोन फुटांच्या खाली असेल तर सरळ सोडून द्यावा. नांगराचा फाळ तिथवर जात नाही.

आता फोडायचं कसं? ताज्या बेसाल्टला दाबून चिरडायचं तर दर चौरस सेंटीमीटरला दीड ते अडीच हजार किलोचा भार लागतो. तोच दगड ओढून तोडायला शे-दीडशे किलो पुरतात. घणाचा वरून घातलेला घाव दगडाच्या सगळ्यात बळकट बाजूशी झुंजतो. कपच्या उडतात, धोंडा तसाच. पाचर आत जाऊन दगडाला दोन्हीकडे रेटते, म्हणजेच ताणते, आणि तिथे तो हार मानतो. पाथरवट आणि वडार मंडळींनी हे गणित कागदावर कधी मांडलं नाही, पण छिन्नीची ओळ आखून, दगडाची शीर (ज्या रेघेने तो सहज चिरतो ती) बघून घाव घालताना ते हेच करतात.

घाव घालण्याआधी हातोडीने वाजवून पाहावं. खणखणीत आवाज आला तर गाभा घट्ट. बद्द आवाज आला तर पापुद्रा सुटलेला आहे. तो पहारीने आधी सोलून काढावा, नाहीतर पाचरीचा सारा जोर पापुद्र्यातच जिरतो. बारीक पोकळ्या आणि पांढऱ्या गाठी असलेला जाळीदार दगड मिळाला तर पाचरीने भोकाची कडाच चुरते. तिथे भोकं जास्त खोल घ्यावीत.

पाचरीची पद्धत अशी. ड्रिलने १८ ते २० मिमीची, १२ ते १५ सेंमी खोल भोकं एका सरळ रेषेत पाडायची; दोन भोकांत १५ सेंमी अंतर. भोकातली भुकटी फुंकून काढायची (डोळ्यांवर चष्मा हवाच). प्रत्येक भोकात लोखंडाच्या दोन अर्धगोल पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाचर. पट्ट्या रेषेच्या दोन बाजूंना आल्या पाहिजेत. त्या आडव्या फिरल्या तर चीर रेषा सोडून भलतीकडे धावते. नवख्याची पहिली चूक हीच असते. पाचरीला ग्रीस लावावं. १० सेंमी लांबीत १ सेंमी जाडी वाढणारी पाचर घावाचा जोर कागदावर दहापट करते, पण त्यातला बराचसा घर्षणात जातो.

मग ओळीने एकेका पाचरीवर एकच घाव. पहिली ते शेवटची, पुन्हा पहिली. प्रत्येक फेरीला आवाज चढत जातो. तो पुरेसा चढला की थांबायचं आणि पाच मिनिटं चहा प्यायचा. हा आळस नव्हे. ताणाखाली असलेल्या दगडातल्या सूक्ष्म भेगा हळूहळू पुढे सरकत असतात, आणि भेगेच्या टोकाशी ओलावा असेल तर अणूंमधले बंध आणखी सहज सुटतात. कितीतरी वेळा कुणी हात न लावता ‘टक्’ असा आवाज होतो आणि केसाएवढी रेघ या भोकापासून त्या भोकापर्यंत उमटते. घाईने एकच पाचर ठोकत राहिलात तर ती अडकते किंवा तिथली कपची उडते.

चार-पाच फुटांच्या धोंड्याला दगड फोडायची पावडर बरी पडते. तिचा मुख्य घटक आपला ओळखीचा कळीचा चुना, पण फार जास्त आचेवर भाजलेला, म्हणजे पाण्यात सावकाश विरणारा. चुना विरला की त्याच्या घन भागाचं आकारमान जवळपास दुप्पट होतं. भोकात कोंडलेला असताना तो दर चौरस सेंटीमीटरला ३०० किलोहून जास्त दाब देतो. बाजारातला साधा कळीचा चुना भरून हे होत नाही. तो मिनिटांत उकळून वर फेकला जातो.

विहिरीच्या कामाला येणाऱ्या ट्रॅक्टर कॉम्प्रेसरने साधारण ३४ मिमीचं भोक पडतं. पाच फुटी धोंड्यावर मधोमध एक रेष आखून फुटाफुटावर पाच भोकं घ्यावीत, खोली त्या जागच्या जाडीच्या ८० टक्के: मधलं चार फूट, शेजारची दोन पावणेचार, कडेची दोन सव्वादोन ते अडीच. एकूण १६ फूट. मीटरला दीड किलो या हिशेबाने साडेसात किलो पावडर आणि तिच्या ३० टक्के, म्हणजे सव्वादोन लिटर, थंड पाणी. पाणी जास्त झालं तर दाब घटतो. पाच किलोहून जास्त एकावेळी कालवू नये. कालवलेलं दहा मिनिटांत भोकात गेलंच पाहिजे. जाळीदार दगडात आधी भोकात प्लास्टिकची नळीवजा पिशवी सोडावी, नाहीतर मिश्रण पोकळ्यांत पाझरून जातं.

धोंडा पुरलेला असेल तर भोवती निदान फूटभर रुंद चर खणावा. दगडाला सरकायला जागाच नसेल तर चीर पडूनही उघडत नाही.

या पावडरचं दुखणं म्हणजे उष्णता. विरताना चुना तापतो. एप्रिलच्या दुपारी काळा दगड आधीच भाजत असतो. भोकातलं पाणी उकळलं की वाफेबरोबर मिश्रण बंदुकीसारखं वर उडतं, आणि ते डोळ्यात गेलं तर बुबुळ भाजतं. म्हणून दगडावर सकाळपासून ओलं गोणपाट टाकावं, तापमानाला साजेशी पावडर घ्यावी, संध्याकाळी भरावं, भरल्यावर वर ताडपत्री टाकून दूर व्हावं. भोकात वाकून पाहायचं नाही, तोंड सिमेंटने बंद करायचं नाही. डोळ्यात गेलंच तर १५ ते २० मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवून थेट दवाखाना. रात्रभरात चीर पडते. सकाळी ती पहारीने रुंद करता येते. एका रेषेने दोन तुकडे होतात, अडीच टनांच्या वरचे. ते आणखी दोनदा फोडल्यावर साडेसहाशे किलोचे होतात आणि मग जेसीबीला झेपतात.

सुरुंगाचा विचार स्वतःहून करू नये. स्फोटकांना परवाना आणि परवानाधारक माणूस लागतो. पोकलेनचा ब्रेकर, म्हणजे तिच्या हाताला जोडलेला यांत्रिक घण, झटपट काम करतो, पण सुट्या धोंड्यावर तो घसरतो; धोंडा हलला की घावाची ताकद मातीत जाते. एकाच जागी अर्ध्या मिनिटात चीर पडली नाही तर टोक उचलून कडेकडे न्यावं, नाहीतर ते तापून नरम पडतं. जाळ करून वर पाणी ओतण्याची जुनी युक्ती ग्रॅनाइटवर बरी चालते, कारण त्यातली गारगोटी तापल्यावर भरपूर प्रसरण पावते. बेसाल्टमध्ये ती जवळजवळ नसते. वरचे पापुद्रे तेवढे उडतात, तेही अंगावर.

तुकडे पहारीने हलवताना टेकू दगडाच्या जवळ ठेवावा. पाच फुटी पहारीला अर्ध्या फुटावर टेकू दिला तर ६० किलोचा माणूस ५४० किलोपर्यंत भार पेलतो. दोन बोटं वर उचललं की खाली उटी (टेकणाचा ठोकळा) सरकवायची, मग पुन्हा पहार. हात दगडाखाली कधीच घालायचा नाही, उटीसुद्धा काठीने ढकलायची.

निघालेला दगड बांधाला, नाल्यातल्या दगडी बंधाऱ्याला किंवा गोठ्याच्या पायाला कामी येतो. विकायचा किंवा बाहेर न्यायचा असेल तर तो गौण खनिजात मोडतो. आधी तहसील कार्यालयात विचारावं. खड्डा बुजवताना तळाला कपच्या आणि मुरूम, वर आधीच बाजूला काढून ठेवलेली सुपीक माती, आणि ती रानाच्या पातळीपेक्षा अर्धा फूट उंच. पहिल्या पावसाळ्यात ती तेवढी दबते.