'हिअर आय गो अगेन': १९८२ चं कोणतं, १९८७ चं कोणतं?

व्हाइटस्नेक या ब्रिटिश रॉक बँडचं हे गाणं शोधायला गेलं की एकाच नावाची दोन-तीन रेकॉर्डिंग्ज समोर येतात. चाल तीच, गायक तोच डेव्हिड कव्हरडेल, शब्दही जवळपास तेच. त्यामुळे १९८७ चं गाणं म्हणजे जुन्यालाच चकाचक करून पुन्हा बाजारात आणलेलं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. पाच वर्षांनी ते पहिल्यापासून नव्याने रेकॉर्ड झालं, आणि कव्हरडेल व बेसवाला नील मरे सोडले तर बाकी सगळी टीम वेगळी होती.

ओळखायची सोपी खूण कोरसमध्ये आहे. 'होबो' ऐकू आलं तर १९८२, 'ड्रिफ्टर' आलं तर १९८७; दोन्हींचा अर्थ भटक्या. 'होबो'चं अमेरिकन रेडिओवर भलतंच काही ऐकू येईल, या धास्तीने तो शब्द बदलला म्हणतात. सुरुवातीवरून मात्र फसगत होते, कारण दोन्हीकडे आधी कीबोर्ड आणि त्यावर हलक्या आवाजातलं गाणं. तरी कान देऊन ऐका: जुन्यात जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन आहे, किंचित खरखरीत, भरदार. नव्यातला कीबोर्ड गुळगुळीत.

जुनं गाणं 'सेंट्स अँड सिनर्स' या अल्बममधलं. कव्हरडेलने ते गिटारवादक बर्नी मार्सडेनबरोबर लिहिलं, तेव्हा कव्हरडेलचं पहिलं लग्न मोडत होतं. ड्रम्सवर इयन पेस. म्हणजे लॉर्ड, पेस आणि कव्हरडेल, तिघेही डीप पर्पल या रॉक बँडमधून आलेले. म्हणूनच की काय, त्यात ब्लूजचा ठसका आहे, घाई नाही. ब्रिटनमध्ये ते ३४ व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि तिथेच अडलं.

नवं अमेरिकेसाठीच बेतलेलं. ड्रम्स दणदणीत, गिटारींचे थरावर थर, कोरस स्टेडियमभर घुमावा असा. ऑक्टोबर १९८७ मध्ये ते बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत पहिलं आलं, ब्रिटनमध्ये नववं. माझं मत विचाराल तर गाणं म्हणून जुनं सरस. एकटेपणा तिथे खरा वाटतो. पण एड्रियन व्हॅन्डेनबर्गचा गिटार सोलो नव्यातच आहे आणि तो सोडवत नाही.

गोंधळात भर घालतो तो व्हिडिओ, दोन जॅग्वार गाड्यांच्या बॉनेटवर अभिनेत्री टॉनी किटेन कोलांट्या मारते तो. त्यात दिसणारे व्हिव्हियन कॅम्पबेल, रूडी सार्झो आणि टॉमी ऑल्ड्रिज यांच्यापैकी कोणीही रेकॉर्डवर वाजवलेलं नाही. अल्बमवर गिटार मुख्यतः जॉन साइक्सची, ड्रम्स एन्सली डनबारचे. व्हिडिओ निघेपर्यंत दोघेही बाहेर पडलेले. गंमत म्हणजे १९८२ लाही हेच झालं होतं: रेकॉर्ड दुकानात आली तेव्हा मार्सडेन, मरे आणि पेस बँडमध्ये नव्हतेच (मरे पुढे परतला).

शिवाय एक तिसरं भावंड आहे. अमेरिकन रेडिओसाठी केलेलं, लांबीला आखूड, आणि त्यात डॅन हफची गिटार, डेनी कार्मासीचे ड्रम्स. त्यातही 'ड्रिफ्टर'च असल्याने वरची खूण इथे चालत नाही, वेळ बघायची. चार मिनिटांच्या आत संपलं तर रेडिओचं, साडेचारच्या आसपास गेलं तर अल्बममधलं.