लोहचुंबक, आठवण आणि जादू : एका जुन्या नात्याची पार्श्वभूमी

चुंबकापासून सुई थोडी लांब धरली तरी ती त्याच्याकडे सरकते. मध्ये दोरी नाही, कुणाचा हात नाही. लहानपणी ऐकलेला एखादा सूर चाळीस वर्षांनी अचानक आठवतो. मधल्या काळात तो कुठे होता, हेही दिसत नाही. एकीकडे जागेचं अंतर आहे, दुसरीकडे काळाचं, आणि ते ओलांडणारं काहीच नजरेला पडत नाही. अशा ठिकाणी माणसाने आत्मा, शक्ती, मंत्र यांची सोय फार पूर्वीपासून करून ठेवली आहे. चुंबक, स्मरण आणि जादू यांची नावं आजही एका दमात घेतली जातात, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला ग्रीक विचारवंत थेलीझ याचं म्हणणं होतं, की चुंबकदगड लोखंडाला हलवतो त्याअर्थी त्याला आत्मा असला पाहिजे. हे आपल्याला ॲरिस्टॉटलमुळे कळतं. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस सांगतो, की चुंबकाला एक लोखंडी कडी चिकटते, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. तशीच दैवी प्रेरणा देवतेकडून कवीकडे, कवीकडून गायकाकडे आणि गायकाकडून श्रोत्याकडे उतरते.

आपल्याकडच्या दर्शनांनीही चुंबक हाताळला आहे. वैशेषिक सूत्रांत चुंबकमण्याकडे सुई ओढली जाते त्याला 'अदृष्ट' हे कारण दिलं आहे; माणसाच्या धर्माधर्माचं साठलेलं फळही याच खात्यात जमा होतं. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताला चुंबकमण्याची उपमा आहे: नुसत्या सान्निध्याने काम करणारं. मला यापेक्षा वैशेषिकांची 'संस्कार' ही कल्पना जास्त चकित करते. त्यांनी संस्काराचे तीन प्रकार मानले. वेग, म्हणजे सुटलेल्या बाणाची गती. स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेली फांदी सोडल्यावर पूर्ववत होते तो गुण. आणि भावना, म्हणजे अनुभवाने मनावर उमटलेली खूण, जिच्यातून पुढे स्मरण होतं. फांदीचा गुण आणि आठवण एकाच वर्गात! फरक इतकाच, की भावना आत्म्यात राहते आणि बाकीचे दोन जड पदार्थांत. जड वस्तूही काहीतरी धरून ठेवते, हा विचार तिथे अगदी सहज येऊन गेला आहे.

युरोपात मध्ययुगभर चुंबकाभोवती कथांचं रान माजलं. लसूण चोळला तर चुंबकाची शक्ती जाते, ही समजूत शतकानुशतकं विद्वानही लिहीत आले. जामबात्तिस्ता देल्ला पोर्ता या नेपल्सच्या गृहस्थाने 'नैसर्गिक जादू' या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच्या 1589 सालच्या वाढीव आवृत्तीत तो सांगतो, की लसूण खाऊन चुंबकावर ढेकर दिले, मग सगळा दगड लसणाच्या रसाने माखला, तरी काही फरक पडला नाही. खलाशांनाही त्याने विचारलं. जीव गेला तरी चालेल पण कांदा-लसूण सोडणार नाही, असं त्यांचं उत्तर. जादूवरच्या पुस्तकात असा रोखठोक प्रयोग सापडतो, म्हणून त्या काळाला सरसकट अंधश्रद्ध म्हणणं मला पटत नाही.

आठवणीचंही तेच झालं. स्मरणकला हे मुळात वक्त्यांचं शास्त्र. मनात एक इमारत उभी करायची आणि तिच्या खोल्याखोल्यांत लक्षात ठेवायच्या गोष्टींच्या प्रतिमा मांडायच्या. इटालियन तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रुनोने 1582 साली पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात या कलेला ग्रह-ताऱ्यांच्या प्रतिमा आणि फिरत्या चक्रांची जोड दिली. ही स्मरणशक्ती जादूची आहे की नैसर्गिक, असं फ्रान्सचा राजा तिसरा आंरी याने त्याला बोलावून विचारलं होतं. ती शास्त्राची आहे असं आपण दाखवून दिलं, असं ब्रुनोने पुढे धर्मन्यायालयासमोर सांगितलं. ब्रुनोने जादूवरही लिहिलं, आणि त्यात वस्तूवस्तूंमधल्या ओढीचा विचार करताना चुंबक येतोच. 17 फेब्रुवारी 1600 रोजी रोममध्ये त्याला जिवंत जाळण्यात आलं.

त्याच 1600 साली लंडनमध्ये इंग्लिश डॉक्टर विल्यम गिल्बर्टचा चुंबकावरचा ग्रंथ निघाला. चुंबकदगडाचा गोळा घडवून, त्यावर छोटी सुई फिरवून त्याने दाखवलं, की पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे. लसणासारख्या कथांची त्याने खिल्ली उडवली. पण चुंबकशक्ती सजीव आहे किंवा निदान सजीवासारखी आहे, हे विधान याच ग्रंथात आहे. थेलीझ अजून पुरता हद्दपार झाला नव्हता.

मग आला डॉक्टर फ्रान्त्स मेस्मर. व्हिएन्नात 1774 साली त्याने एका रुग्ण स्त्रीवर लोहचुंबक ठेवून उपचार केले. थोड्याच काळात त्याने ठरवलं, की लोखंडाची गरजच नाही. सगळ्या विश्वात भरलेला एक सूक्ष्म द्रव असतो आणि तो आपल्याच शरीरातून दुसऱ्यात सोडता येतो. चुंबक बाजूला पडला, नाव मात्र 'प्राणी-चुंबकत्व' हेच राहिलं. पॅरिसमध्ये त्याचं इतकं प्रस्थ माजलं, की सोळाव्या लुईने 1784 साली चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होता आणि डॉक्टर गियोतँही होता.

समितीचे प्रयोग आजही वाचण्यासारखे आहेत. मेस्मरने अंग काढून घेतलं, म्हणून त्याचा सहकारी देस्लों पुढे आला. फ्रँकलिनच्या बागेत त्याने एक जर्दाळूचं झाड 'भारलं'. बारा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला एकेका झाडाला मिठी मारायला लावलं. पहिल्याच झाडाशी त्याला घाम फुटला, चौथ्याशी तो बेशुद्ध पडला. भारलेलं झाड तिथून बरंच लांब होतं. एका बाईंना साध्या पेल्यांतून पाणी दिलं, तर चौथ्या पेल्याला झटके आले. आणि भारलेल्या पेल्यातून, न सांगता पाणी दिल्यावर त्या शांत झाल्या. समितीने निष्कर्ष काढला, की द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनाशक्तीचा परिणाम आहे. कल्पनाशक्तीने माणूस बेशुद्ध कसा पडतो, हा खरा प्रश्न होता. त्याच्या खोलात ते शिरले नाहीत.

त्याच वर्षी मेस्मरचा शिष्य मार्की द पुइसेग्युर एका तरुण शेतमजुरावर उपचार करत होता. व्हिक्टर रास त्याचं नाव. त्याला झटके आलेच नाहीत. तो एका विचित्र झोपेत गेला, त्या झोपेत एरवीपेक्षा सफाईने बोलू लागला, आणि जागा झाल्यावर त्यातलं काही आठवेना. पुन्हा त्या अवस्थेत नेलं, की मागचं सगळं आठवायचं. या परंपरेत स्मरण शिरलं ते इथून. एका माणसात दोन आठवणी असू शकतात, एक वरची आणि एक झाकलेली, ही कल्पना पुढे स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेडच्या संमोहनातून, पॅरिसच्या सालपेत्रियेर रुग्णालयातून आणि तिथे काही महिने शिकलेल्या फ्रॉइडपर्यंत गेली. तिथल्या बिने आणि फेरे यांनी चुंबक जवळ नेऊन अंगाच्या एका बाजूची लक्षणं दुसरीकडे हलवल्याचाही दावा केला होता. फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या डॉक्टर बर्नहाइमने मात्र या सगळ्याचं कारण सूचना, म्हणजे रुग्णाच्या मनात भरवलेली कल्पना, असल्याचं सांगितलं. शंभर वर्षांनी फिरून तोच निकाल!

चुंबक खरोखर आठवण ठेवू लागला तो फार वेगळ्या, नीरस वाटेने. लोखंडाला चुंबकीय क्षेत्रातून बाहेर काढलं तरी त्यात थोडं चुंबकत्व उरतं. पोलादात ते अधिक टिकतं. वस्तूची आजची स्थिती तिच्यावर आधी काय गुजरलं यावर ठरते. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पॉल्सनने 1898 साली याच गुणावर पोलादी तारेत आवाज साठवला. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात सम्राट फ्रान्त्स योसेफने त्या यंत्रात काढलेले उद्गार आजही ऐकता येतात. नंतर टेप आली, 1950 च्या दशकात संगणकात फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची जाळी आली. तिची एक गंमत होती. कडीतला अंक वाचला की तो पुसला जायचा, मग लगेच परत लिहावा लागायचा. मेंदूतली आठवण जागी झाली की काही काळ अस्थिर होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते, हे उंदरांवरच्या प्रयोगांत 2000 साली दिसलं. दोन्ही यंत्रणा पूर्ण वेगळ्या आहेत. तरी साम्य गमतीचं आहे. याहून भक्कम दुवा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन हॉपफिल्डचा. चुंबकातल्या अणूंच्या परस्परांवरच्या ओढीचं गणित वापरून, अर्धवट खुणेवरून पूर्ण आठवण शोधणारं कृत्रिम मज्जापेशींचं जाळं त्याने 1982 साली मांडलं. 2024 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा तो एक मानकरी.

तंत्र हाती आलं म्हणून जादू ओसरली नाही. यांत्रिक संगणकाची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजने 1837 सालीच लिहून ठेवलं होतं, की बोललेला प्रत्येक शब्द हवेत कायमचा नोंदलेला राहतो. टेपरेकॉर्डर घरोघर आल्यावर या कल्पनेला यंत्र मिळालं. स्वीडनचा चित्रकार फ्रीडरिश युर्गेन्सन 1959 साली पक्ष्यांचे आवाज टिपत होता. टेपवर त्याला माणसांचे आवाज ऐकू आले, पुढे दिवंगत आईचाही. लॅटव्हियाच्या कॉन्स्टान्टिन राउदिव्हने असे हजारो आवाज जमवले. टेपचं एक वैशिष्ट्य इथे माहीत असावं. गुंडाळलेल्या टेपच्या एका थरातलं चुंबकत्व शेजारच्या थरावर हलकेच उमटतं, त्यामुळे खरा आवाज येण्याच्या क्षणभर आधी त्याची पुसट सावली ऐकू येऊ शकते. भरकटलेल्या रेडिओलहरी असतातच. आणि खरखरीतून शब्द शोधण्यात आपला कान पटाईत. टेपमध्ये मृतात्मे मानायची मला तरी गरज दिसत नाही.

कॅनडाच्या लॉरेन्शियन विद्यापीठातल्या मायकल पर्सिंगरने 1980 च्या दशकापासून एक शिरस्त्राण वापरलं. त्यातल्या तारांच्या वेटोळ्यांतून डोक्याच्या दोन्ही बाजूंना अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र सोडलं जायचं. खोलीत आणखी कुणीतरी आहे असं अनेकांना जाणवलं, काहींना ते दैवी वाटलं. आध्यात्मिक अनुभवाचं बटणच सापडलं, अशा बातम्या झाल्या. चुंबकाने मेंदू मुळीच हलत नाही असं नाही: 1985 साली शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी कवटीबाहेरून चुंबकीय झटका देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले. पण त्या झटक्याचं क्षेत्र टेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) घरातलं आणि पर्सिंगरचं साधारण टेस्लाच्या दहा लाखाव्या भागाएवढं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राहूनही कमी. स्वीडनमध्ये पेर ग्रँकव्हिस्ट आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग केला, तेव्हा क्षेत्र चालू आहे की बंद हे सहभागींना आणि प्रयोग घेणाऱ्यांनाही कळू दिलं नाही. 2005 साली त्यांचा निष्कर्ष छापून आला: क्षेत्र असो वा नसो, फरक नाही, सूचनेला चटकन वश होणाऱ्यांना अनुभव जास्त येतात. त्यांनी उपकरण नीट वापरलं नाही, असं पर्सिंगरचं उत्तर होतं, आणि 2018 साली मृत्यू येईपर्यंत त्याने आपला दावा सोडला नाही.